रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं दरडोई उत्पन्न: हा आकडा येतो कुठून आणि तो कशाला वापरावा?

सुरंगी

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत राज्याची आर्थिक पाहणी येते, आणि तिच्यातला जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता फिरायला लागतो. त्याच तक्त्यावरून कोणी ‘कोकण सुधारलं’ म्हणतो, कोणी ‘कोकण मागे पडलं’ म्हणतो. दोघेही बोट एकाच रकान्यावर ठेवतात.

तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं. पहिली, हा आकडा तयार कसा होतो आणि आंबा, काजू, मासळी त्यात कशी धरतात. दुसरी, चाकरमान्यांचा पैसा त्यात येतो का. तिसरी, सिंधुरत्न समृद्ध योजनेसारख्या दोनच जिल्ह्यांपुरत्या योजनेचा परिणाम मोजायचा तर कोणती पद्धत टिकेल.

‘आम्हाला काय मिळालं’ हा विषय दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, तो तिथेच राहू द्या.

कातळसडा

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जिल्हा उत्पन्न म्हणजे घरोघरी जाऊन विचारलेली कमाई नाही. ते उगम पद्धतीने काढतात, म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत किती मूल्यवृद्धी झाली (मालाच्या किमतीतून कच्चा माल, इंधन वगैरे वजा जाता काय उरलं) ते बघतात. ती कोणाच्या खिशात गेली हा प्रश्न या पद्धतीत येतच नाही.

काम दोन तऱ्हांनी होतं. शेती, फळबाग, मासेमारी, खाण यांना जिल्ह्याचं उत्पादन आणि भाव मिळतात, म्हणून तिथे खालून वर बेरीज करता येते. व्यापार, वाहतूक, बँका, सरकारी प्रशासन यांचा आधी राज्याचा आकडा असतो, तो कामगारसंख्या किंवा तत्सम निर्देशकाने जिल्ह्यांत वाटतात. रेल्वेसारख्या क्षेत्राचा तर राज्याचा वाटासुद्धा केंद्राकडूनच ठरून येतो. त्यामुळे सेवाक्षेत्राचा जिल्ह्याचा आकडा ‘वाढला’ तर कित्येकदा राज्याचा आकडा वाढलेला असतो, वाटपाचं प्रमाण तेच असतं. सावंतवाडीत दुकानदारी वाढली की नाही, हे त्यातून कळत नाही.

आता उगम पद्धतीची खोच. जयगडचा औष्णिक प्रकल्प 1200 मेगावॅटचा आहे. समजा तो वर्षभर 70 टक्के क्षमतेने चालला, तर साधारण 736 कोटी युनिट वीज झाली. कोळसा वगैरे वजा जाता युनिटमागे दीड रुपया मूल्यवृद्धी धरली (आकडा फक्त उदाहरणाचा), तर सुमारे 1,104 कोटी रुपये. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती. भागाकार करा: माणशी सुमारे 6,800 रुपये. म्हणजे मंडणगडच्या म्हातारीचं ‘दरडोई उत्पन्न’ एवढ्याने वाढलं. तिच्याकडे वीज जयगडची येते की कोयनेची, हेही तिला माहीत नाही! नफा भागधारकांकडे, व्याज बँकांकडे, दोन्ही जिल्ह्याबाहेर.

गोठण

वर एक दुरुस्ती. विजेची मूल्यवृद्धी जिल्ह्यात निर्मितीच्या जागेवरून टाकली आहे की कर्मचारीसंख्येवरून, हे त्या मालिकेची पद्धती-टीप वाचल्याशिवाय गृहीत धरू नका. कर्मचाऱ्यांवरून वाटली असेल तर परिणाम उलटा होतो: जिथे प्रकल्प आहे तिथे कमी, जिथे कार्यालयं आहेत तिथे जास्त. तत्त्व बरोबर आहे, फक्त तपासून घ्या.

दुसरं, पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून पुढची वाढ मोजतात ते. 2015च्या जानेवारीत 2011-12 पायाची मालिका आली, आणि आता 2022-23 हे नवं पायाभूत वर्ष ठरवलं आहे. दोन मालिकांतले जिल्ह्याचे आकडे एकाखाली एक लिहून वाढीचा दर काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. पाया बदलला की व्याप्ती, स्रोत, वाटपाचे निर्देशक सगळंच बदलतं. सामाईक वर्षाचा दुवा घेऊन मालिका जोडा. जुळत नसेल तर दोन तुकडे वेगळे ठेवा.

कुळागर

हापूसपुरतं लिहितो, कारण घोळ इथे सगळ्यात मोठा आहे.

हापूस वर्षाआड धरतो. एका वर्षी 100, पुढे 60, मग 105, मग 62 असं उत्पादन समजा. वर्षागणिक वाढ: उणे 40 टक्के, अधिक 75 टक्के, उणे 41 टक्के. यातलं कुठलंही एक वर्ष पकडून हवा तो मथळा तयार होतो. दोन-दोन वर्षांची सरासरी घेतली तर 80, 82.5, 83.5 येतं, म्हणजे वाढ 3 टक्के आणि मग 1 टक्का. खरी हालचाल एवढीच. पायाभूत वर्ष न धरणारं निघालं तर पुढची सगळी वाढ फुगते. म्हणून पायासाठीसुद्धा दोन किंवा चार वर्षांची सरासरी घ्यावी. तीन घेतलीत तर दोन धरणारी आणि एक न धरणारं असं असमान पडतं.

मग भाव. वाशीच्या बाजाराचा मासिक भाव घेऊन त्याची साधी सरासरी काढणारे अहवाल आहेत. समजा मार्चमध्ये 20 पेट्या 3,000 रुपयांनी गेल्या, एप्रिलमध्ये 50 पेट्या 1,800 ने, मेमध्ये 130 पेट्या 900 ने. साधी सरासरी 1,900. आवकेच्या वजनाने काढली तर 1,335. म्हणजे उत्पन्न 42 टक्क्यांनी फुगलं, आणि एकही आंबा जास्त लागला नाही. शिवाय मुंबईचा भाव हा बागेतला भाव नव्हे. भाडं, हमाली, दलाली, पेटी-गवत वजा करा. त्यातलं भाडं आणि दलाली वाहतूक-व्यापारात जाते, आणि बरीचशी दुसऱ्या जिल्ह्यात. कॅनिंगला गावातूनच किलोवर जाणारा आंबा वेगळा धरा, त्याचा भाव पेटीच्या भावाशी जोडू नका. वाशीतली कर्नाटकी आवकही वेगळी काढा. भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं म्हणून बाजाराच्या वहीत नोंद सुधारली असं नाही.

क्षेत्राचा आकडा तर विचारूच नका. 1990 पासूनच्या रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीत जे लावलं त्याची बेरीज कागदावर वाढत गेली. मेलेली, वणव्यात गेलेली कलमं वजा कोण करणार? 2021 पासून ई-पीक पाहणी आहे, पण सामाईक सातबारावर वीस नावं आणि त्यातली पंधरा मुंबईत असली की नोंद राहते.

पाणंद

ह्या सगळा बरा हा, पण ओल्या काजूचो हिशोब खय धरतास? रस्त्याच्या कडेक शेकड्यार इकतत, ना पावती, ना बाजार समिती.

कुळागर

@पाणंद, जवळपास कुठेच नाही. 😀 सुक्या बीचं उत्पादन झाडांच्या क्षेत्रावरून आणि हेक्टरी उताऱ्यावरून येतं. ओला काढला की तेवढी बी कमी होते, पण ओल्या गराला भाव कित्येक पट. हेक्टरी उतारा कापणीवरून मोजला असेल तर ओला काजू हे चक्क ‘नुकसान’ दिसतं.

काजूत दुसरी चूक जास्त गंभीर आहे, उलाढालीलाच योगदान म्हणण्याची. समजा 100 किलो बी 130 रुपयांनी घेतली, म्हणजे 13,000. त्यातून 25 ते 30 किलो गर निघतो. 27 किलो धरा, सरासरी 700 भावाने 18,900. जळण, वीज, डबे 1,500. कारखान्याची मूल्यवृद्धी 4,400 रुपये. 18,900 कारखान्याचे आणि 13,000 बागेचे अशी बेरीज केलीत तर बी दोनदा मोजली गेली. आणि बी आफ्रिकेतून आलेली असेल तर ते 13,000 आपल्या बागेचे नव्हतेच.

दहापेक्षा कमी कामगारांची युनिटं वार्षिक उद्योग पाहणीत येत नाहीत. घरी काजू फोडणं, चार बायकांचं युनिट, हे असंघटित उद्योगांच्या सर्वेक्षणात शोधावं लागतं, आणि तिथे जिल्ह्याचा नमुना तोकडा असतो.

दर्यावर्दी

मासळी.

मासळी जिथे उतरते तिथे मोजली जाते. रत्नागिरीची नौका ससून डॉकला माल लावून आली तर तो माल मुंबईचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा अंदाज नमुन्यावर चालतो: बंदरं आणि दिवस निवडायचे, त्या दिवशी आलेल्या काही नौकांची मासळी बघायची आणि ती एकूण नौकांना, दिवसांना गुणून वर न्यायची. राज्याच्या मत्स्य विभागाचा आकडा वेगळा. एकाच वर्षासाठी एक तक्ता इथला आणि दुसरा तिथला घेऊ नका. एकच स्रोत धरा आणि शेवटपर्यंत धरा.

मूल्यवृद्धी काढताना उत्पादनाच्या किमतीतून खर्च एका ठरावीक गुणोत्तराने वजा करण्याची सवय आहे. समजा गुणोत्तर 35 टक्के: 100 रुपयांच्या मासळीवर 65 रुपये मूल्यवृद्धी. डिझेल आणि बर्फ महागून खरा खर्च 50 झाला तर मूल्यवृद्धी 50 च, पण तक्त्यात 65. तीस टक्के जास्त. ट्रॉलर, पर्ससीन, गिलनेट आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) यांना एकच गुणोत्तर लावलं तर आणखी गोंधळ. रापणीला डिझेल जवळजवळ शून्य.

डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा ज्या वर्षी हातात पडतो त्या वर्षी धरू नका. ज्या फेऱ्यांवर तो देय झाला त्या वर्षात टाका. परतावा थकला आणि एकदम आला की एक वर्ष पडलेलं आणि दुसरं उसळलेलं दिसतं, समुद्रात काहीही बदललेलं नसतं.

मजुरीचं पण बघा. बऱ्याच नौकांवर डिझेल, बर्फ, रेशन काढून उरलेल्याचे वाटे पडतात. काही ठिकाणी पगार आणि वर भत्ता. हंगामाला आलेले नेपाळी खलाशी 1 जूनला मासेमारी बंदी सुरू झाली की परततात. देशाच्या हिशोबात त्यांची कमाई देशी उत्पादनात येते, राष्ट्रीय उत्पन्नातून वजा होते. जिल्ह्याच्या पातळीवर ही वजाबाकी होत नाही.

आणि साठा. आज पिल्लं ओढून आणली की आजचं उत्पन्न वाढतं. ‘निव्वळ’ आकड्यातून नौकेची झीज वजा होते, माशांच्या साठ्याची नाही. राष्ट्रीय लेख्यांची 2025 ची जागतिक चौकट हा ऱ्हास खर्च म्हणून धरायला सांगते. आपल्याकडे जिल्ह्यापर्यंत ते झिरपायला किती वर्षं लागतील देव जाणे.

सुरंगी

मग चाकरमान्यांच्या पैशाचं काय? मनीऑर्डर गेली, आता मोबाइलवर येतात.

गोठण

उत्पन्नात येत नाही. मुलगा कांदिवलीत काम करतो, त्याची मूल्यवृद्धी मुंबई उपनगरची. त्याने आईला पाठवलेले पैसे हे हस्तांतरण, उत्पादन नव्हे. पण आई ते खर्च करते. म्हणून दापोलीत उत्पन्नाचा आकडा आणि घरातला खर्च यांची तोंडं दोन दिशांना असतात. राहणीमान बघायचं तर उपभोग खर्चाचं सर्वेक्षण घ्या. 2023-24 मध्ये देशात दरडोई मासिक खर्च ग्रामीण 4,122 आणि शहरी 6,996 रुपये होता (फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत न धरता). जिल्ह्यासाठी मात्र त्या वर्षाचा नमुना पातळ आहे.

बँकांच्या ठेवी आणि कर्ज हा दुसरा माग. रिझर्व्ह बँक जिल्हानिहाय आकडे तिमाहीला देते. दोन्ही जिल्ह्यांत ठेवींच्या मानाने कर्ज कमी हे जुनं दुखणं: पैसा बाहेरून येतो, बँकेत पडतो, कर्ज होऊन बाहेरच जातो.

आता छेद, म्हणजे लोकसंख्या. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरीची 16,96,777 वरून 16,15,069 झाली, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651. राज्याच्या वाढीच्या दराने पुढचा अंदाज बांधला तर छेद फुगतो, दरडोई उत्पन्न उगाच कमी दिसतं. घटीचाच कल पुढे ओढला तर उलट. दोन्ही गृहीतांवर काढून पट्टा द्या, एक आकडा नको. आणि जनगणना फेब्रुवारीत होते: तेव्हा गणपती नाहीत, मे महिना नाही, चाकरमानी मुंबईत मोजला जातो. बागांचे राखणदार मात्र तेव्हा इथे असतात. रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, तो आकडा स्थलांतराचा आहे.

शिडाची_होडी

पीएलएफएस, म्हणजे केंद्राचं रोजगाराचं नियतकालिक सर्वेक्षण, वापरणाऱ्यांसाठी थोडं.

‘किनारी’ (कोस्टल) नावाचा नमुना सर्वेक्षणाचा विभाग आहे. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आहेत, आणि ठाणे, पालघर, मुंबईचे दोन्ही जिल्हेसुद्धा. या विभागाची शहरी सरासरी म्हणजे मुंबई. ‘कोकणातला रोजगार’ म्हणून ती छापणारे लेख पाहिलेत.

जिल्ह्याचं वेगळं काढायचं तर 2024 पर्यंतच्या फायलींत भारांक (नमुन्यातला एक माणूस किती माणसांच्या वतीने मोजायचा तो आकडा) नीट लावा. उपनमुन्यातल्या एककांची संख्या आणि एकत्रित संख्या सारखी असेल (म्हणजे एकच उपनमुना असेल) तर गुणक भागिले 100, नाहीतर भागिले 200. वर्षाचं काढताना पुन्हा तिमाह्यांच्या संख्येने भागा. हे विसरलात तर टक्केवारी थोडीशीच हलते, पण एकूण माणसं चौपट येतात. तीच तपासणी करा: भारांकांची बेरीज जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या जवळपास आली पाहिजे. (नमुन्यातली बेरीज जनगणनेपेक्षा थोडी कमी येणं नेहमीचं.)

जानेवारी 2025 पासून रचना बदलली. जिल्हा हा मूळ स्तर झाला, पहिल्या टप्प्याची नमुना एककं वर्षाला 22,692, प्रत्येकी 12 घरं. जिल्हा पातळीला आता थोडी आशा आहे. पण 2024 आणि 2025 ची थेट तुलना नको.

स्त्रियांच्या कामाबद्दल एकच. भातलावणी, काजू फोडणं, मासळी सुकवणं हे हंगामी आहे. ‘चालू आठवड्याची स्थिती’ घेतली तर ते दिसेल की नाही, हे पाहणी कुठल्या आठवड्यात झाली त्यावर. गौण कामासह ‘नेहमीची स्थिती’ (मागच्या वर्षभराची) घ्या.

कातळसडा

तिसऱ्या प्रश्नाकडे. सिंधुरत्न समृद्ध योजना 2022-23 पासून तीन वर्षांसाठी, 300 कोटींची, दोन जिल्ह्यांना. लोक सरळ ‘आधी आणि नंतर’ काढतात. 2021-22 हे कोविडच्या दुसऱ्या लाटेचं आणि तौक्ते चक्रीवादळाचं वर्ष, त्यापुढे सगळंच वर जाणार. त्याला योजनेचं यश म्हणता येत नाही.

दुहेरी फरक (योजना असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतल्या आधी-नंतरच्या बदलांमधला फरक) काढायचा तर तुलनेचा जिल्हा हवा. रायगड घेऊ नका. पनवेल आणि न्हावा-शेवा बंदराने त्याचा कल वेगळाच आहे. गोवा नको, राज्याची धोरणं वेगळी. कर्नाटकातला उत्तर कन्नड भूगोलाने जवळचा, पण आकड्यांची पद्धत कर्नाटकच्या संचालनालयाची.

गोठण

चक्रीवादळाचं पण ध्यानात घ्या. निसर्ग 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दापोली-मंडणगड पट्ट्यात आलं. त्याचा परिणाम मोजायला दक्षिणेचे तालुके ‘न बाधित’ म्हणून घेतले, तर मे 2021 मध्ये तौक्ते देवगड-मालवणवरून घासत गेलं. तुलनेचा गटच बाधित! त्यामुळे निसर्गचा परिणाम एका वर्षापलीकडे त्या पद्धतीने काढता येत नाही, आणि त्या एका वर्षात टाळेबंदी आहे. पडलेली सुपारी-नारळाची बाग उत्पन्नातून वजा होत नाही, ती भांडवलाची हानी. उलट कौलं घालण्याची मजुरी उत्पन्नात जमा. त्यामुळे वादळाच्या वर्षी बांधकामाची वाढ दिसली तर हुरळू नका.

लाल_माती

रात्रीच्या उजेडाची उपग्रह चित्रं वापरता येतील ना? तालुक्यापर्यंत मिळतात.

शिडाची_होडी

मिळतात, पण किनाऱ्यावर दोन अडचणी. जून ते सप्टेंबर ढग, व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाच्या मासिक चित्रांत निरभ्र रात्री शून्यावर येतात. त्या महिन्यांचा शून्य ‘अंधार’ म्हणून सरासरीत गेला की वार्षिक आकडा पडतो. निरभ्र रात्रींची संख्या देणारा थर सोबत असतो, तो बघून महिने गाळा. दुसरं म्हणजे नौकांचे दिवे. किनाऱ्यालगतच्या चौकटींत समुद्राचा उजेड सांडतो, आणि एलईडी मासेमारी केंद्राने 2017 मध्ये बंद केली तरी आकाशातून दिवे दिसतातच. किनारपट्टीपासून दोन-तीन किलोमीटर आतल्या चौकटी घ्या. हमरस्त्याचे नवे दिवेही विकास म्हणून मोजले जातात, चौपदरीकरणाचे टप्पे वेगळे काढा.

सुरंगी

म्हणजे जिल्हा पातळीवर योजना मोजणं सोडूनच द्यायचं?

कातळसडा

जिल्ह्याच्या पातळीवर, हो. खाली उतरा. योजनेत अर्जदार असतात: मंजूर झालेले, निकष जेमतेम चुकून नाकारलेले, आणि पैसे संपल्यामुळे राहिलेले. तिसरा गट तुलनेला सगळ्यात चांगला, कारण त्यांनीही अर्ज केला होता, म्हणजे उमेद आणि कागदपत्रं दोन्हींकडे सारखी. एकूण अर्जांची यादी तारखेसह मागा. फक्त लाभार्थ्यांची यादी घेऊन बसलात तर काहीच निघणार नाही. मोजायचं काय ते आधी ठरवा: काजू प्रक्रियेच्या अनुदानात ‘यंत्र बसलं’ हा परिणाम नव्हे. दोन हंगामांनंतर यंत्र किती दिवस चाललं, किती बी फोडली, किती मजुरी दिली, हे विचारा. आणि दोन हंगाम, एक नव्हे. कुळागर यांनी वर सांगितलेलं वर्षाआडचं कारण काजूला कमी, आंब्याला पूर्ण लागू.

गोठण

आणि तरीही कोणी जिल्ह्यावरच करणार असेल, तर दोन जिल्ह्यांवरून प्रमाण त्रुटी (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते) काढू नका. दोनच गुच्छांवर (इथे जिल्ह्यांवर) काढलेली त्रुटी खोटी लहान येते. राज्यातल्या बाकी जिल्ह्यांच्या सगळ्या जोड्यांवर तीच योजना लागू झाली असं खोटंच धरून तोच हिशोब करा, मुंबईच्या दोन्ही वगळून. 32 जिल्ह्यांच्या 496 जोड्या होतात. त्यात आपल्या जोडीचा आकडा पहिल्या 25 मध्ये (म्हणजे वरच्या पाच टक्क्यांत) येत नसेल तर तो आकडा छापू नये.

सुरंगी

अर्जांची तालुकानिहाय यादी मागवते. राहिलेल्यांचं कारण ‘निधी अपुरा’ आणि ‘त्रुटी पूर्तता नाही’ असं वेगळं लिहिलेलं असेल का?

कातळसडा

बहुतेक एकाच शेऱ्यात असेल. त्रुटी कळवल्याची तारीख आणि अंतिम शेऱ्याची तारीख दोन्ही मागा. त्रुटी कळवल्याची तारीखच नसेल तर तो अर्ज निधीअभावी राहिलेला असण्याचा संभव जास्त, त्याला वेगळी खूण करा.